जुनी क्यू घेताना आधी शाफ्ट बघा

कमी पैशात चांगल्या जुन्या पूल क्यू (पूल खेळताना चेंडू मारायच्या काठ्या) जमवायच्या तर चोरबाजारात जावं का, असं विचारलंत म्हणून लिहितो. जरूर जा, पण तिथे हाती येणारी क्यू पूलचीच आहे ना, हे आधी बघा. स्नूकरची टिप (टोकावरची चामड्याची चकती) साधारण ९ ते १० मिमी आणि शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) बहुधा अ‍ॅश लाकडाचा, उभ्या रेषा ठळक दिसणारा. पूलची टिप १३ मिमीच्या आसपास, शाफ्ट फिकट, गुळगुळीत मेपलचा.

मग शाफ्ट आणि मागचा जाड भाग सुटे करून वेगवेगळे टेबलावर लोळवा. जोडलेली क्यू लोळवून बघण्यात गफलत होते, कारण वाक नेमका कुठे आहे ते कळत नाही. शाफ्ट लोळताना टोक वरखाली नाचलं, तर विकणारा कितीही भाव उतरवो, सोडून द्या. वाकलेलं लाकूड कायमचं सरळ होत नाही. फेरूलवर (टिपखालच्या छोट्या नळीवर) नखाने हळूच चाचपा, केसाएवढी चीर असली तरी नख अडकतं. जोडलेल्या क्यूच्या बुडावर तळहाताने थाप मारा; खडखड आली तर जॉइंट, म्हणजे दोन भागांचा सांधा, ढिला असू शकतो.

झिजलेली टिप, मळकट शाफ्ट, निघालेलं पॉलिश यांना मुळीच घाबरू नका. उलट भाव पाडायला तीच कारणं उपयोगी पडतात, आणि टिप बदलणं स्वस्तातलं काम आहे.

नावाला भुलू नका. नुसत्या मॅकडर्मॉटच्या (क्यू बनवणारी अमेरिकन कंपनी) स्टिकरवर पैसे मोजू नयेत. आणि मुंबईच्या पावसाळ्यात क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, कव्हरमध्ये आडवी ठेवा.