ठेकेदारीवर बंदी आली, मग मजूर कायम का नाही झाला?

वर्धाकाठचा भाऊ
काल एका महाशयांनी लिहिलं, "कोळसा खाणीत ठेकेदारीवर बंदी आहेच. युनियननं केस टाकली की सगळे कायम." बाप्पा! इतकं सोपं असतं तर आमच्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात, घुग्गुसला, ठेकेदाराच्या मजुरांची पाळी कशी सुटली असती?

बंदी १ फेब्रुवारी १९७५ ची. कोळसा काढणं, भरणं-उतरवणं, ओबी (कोळशावरची माती-दगड काढणं), सगळं तिच्यात. १९८८ मध्ये काही खाणींना सूट मिळाली ती वेगळी. पण ३० ऑगस्ट २००१ ला सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगून टाकलं, बंदी आली म्हणून मजूर आपोआप कंपनीचा होत नाही. आपोआप होतो म्हणणारा एअर इंडियाचा १९९६ चा निकाल मोडीत. आता बंदीनं ठेकेदार गेला की मजूरही त्याच्यामागं घरी. असली बंदी हवी कोणाला?

लोडिंगबाबू
अर्धाच निकाल वाचून आलात भाऊ. ठेका नुसता दिखाऊ निघाला तर मजूर मूळ मालकाचाच, हेही त्यातच आहे. खरा निघाला तरी कंपनीनं कायम भरती केली तर जुन्यांना प्राधान्य, वयात सूट. महानदी कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं बघा, २०२४. रेल्वे सायडिंगवर बंकरखाली सांडलेला कोळसा उचलणारे ३२ जण. १९ कायम केले, १३ वगळले. सर्वोच्च न्यायालयानं त्या १३ जणांचाही हक्क मान्य केला.

वर्धाकाठचा भाऊ
न्यायाधिकरणाचा निकाल २००२ चा होता. बावीस वर्षं त्यांनी काय खाल्लं, धूळ?

दीड एकरवाली
तुमचं कोर्ट चालू द्या. आमच्याकडे खाणीत गेलेल्या दोन एकराला एक नोकरी, आमची जमीन दीड एकर. मोबदला चार भावांत वाटला. माझा भाऊ आता ठेकेदाराच्या ओबी डंपरवर आहे. आमची विहीर होती तिथंच ढिगारा टाकतो. त्याला कायम करायला कोणती अधिसूचना आहे?

लोडिंगबाबू
ताई, तुम्हाला निदान मोबदला मिळाला. ज्याच्याकडे शेतच नव्हतं त्यानं काय करावं?

दीड एकरवाली
मोबदल्याची भाषा शेत गेलेल्यानं करावी, क्वार्टरात राहणाऱ्यानं नाही.

लोडिंगबाबू
क्वार्टर माझ्या बापानं भूमिगत पाळीत फुफ्फुसं घालवून मिळवलं. तोंड सांभाळून बोला.

रात्रपाळी
दोघंही थांबा. मी ठेकेदाराकडं आहे. एचपीसीचा (खाणीतल्या ठेका मजुरांचा पगार ठरवणाऱ्या समितीचा) दर लागू, पगार खात्यात येतो, पासबुक अगदी देखणं. पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या मुन्शीकडे असतं. सात तारखेला तो वेगवेगळ्या कार्डांची थप्पी घेऊन मशीनसमोर उभा राहतो, आम्ही बाहेर पानठेल्यावर. आत पूर्ण निघतो, बाहेर निम्मा येतो. कोर्टात कागद मागितले तर माझ्याच सहीचे निघतील. कराराचा दिखाऊपणा सिद्ध करायचा तरी कसा?

वर्धाकाठचा भाऊ
हेच म्हणत होतो मी.

लोडिंगबाबू
तुम्ही बंदीच नको म्हणत होता! बंदी नसती तर याला भांडायला दारही उरलं नसतं.

वर्धाकाठचा भाऊ
बरं, राहू द्या बंदी. नाहीतरी ओबी काढणाऱ्या ठेकेदाराला तिचा कुठं त्रास होतोय?

दीड एकरवाली
रात्रपाळी दादा, कार्ड हरवलं म्हणून बँकेत नवीन का नाही मागत?

रात्रपाळी
मागितलं होतं. खात्याला मोबाईल नंबरही मुन्शीचाच निघाला.