चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोर्टात चालावं का?

सदाशिव: मार्च 2022 मध्ये तेव्हाचे विरोधी पक्षनेते फडणवीस यांनी विधानसभेत पेनड्राइव्ह दिला. विशेष सरकारी वकिलांच्या ऑफिसात छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं 125 तासांचं चित्रीकरण त्यात आहे, गिरीश महाजनांना अडकवण्याचा कट त्यात दिसतो, असा त्यांचा आरोप. वकिलांनी तो फेटाळला. खरं-खोटं तपासात ठरेल. पण 'चोरून केलंय, बघूच नका' हे मला अजिबात पटत नाही. मलकानी खटला घ्या. मुंबईच्या कोरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, लाच मागितल्याचा आरोप होता. ज्या डॉक्टरशी त्याचं बोलणं चालू होतं, त्याच्याच फोनला पोलिसांनी त्याच्या संमतीने टेपरेकॉर्डर जोडला. सुप्रीम कोर्टाने 1972 साली ती टेप ग्राह्य धरली, दोषी ठरवणारा निकाल कायम केला. लाच मागणारा लिहून देतो का कधी?

मीनल: संमती होती, हे तुम्हीच लिहिलंत. वकिलाच्या ऑफिसात येऊन बसणाऱ्या बाकीच्या लोकांना कोणी विचारलं होतं? सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालापासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने सीबीआयच्या एका लाच प्रकरणातले फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तेव्हा लागू असलेल्या 1885 च्या टेलिग्राफ कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण लागत होतं, ते तिथे नव्हतंच. म्हणजे गुन्हा लाचेचा असला तरी वाटेल तसं ऐकता येत नाही.

वकीलसाहेब, जालना: मला काळजी वेगळीच आहे. चॅनेलवर फिरतो तो कापलेला तुकडा. मूळ मेमरी कार्ड कुठे आहे, सील कोणी केलं, मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होतं? आवाज ओळखला गेला पाहिजे आणि छेडछाडीची शक्यता उरता कामा नये, हे सुप्रीम कोर्टाने 1985 मध्येच सांगितलंय. आमच्याकडच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात तर उमेदवारी अर्ज उशिरा भरले का, एवढ्यासाठी निवडणूक कार्यालयातलं सरकारी चित्रीकरण हवं होतं. त्यावरही तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब च्या प्रमाणपत्राचा (इलेक्ट्रॉनिक नोंद कुठून, कशी काढली हे सही करून सांगणारा कागद) वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र लागणारच, असं 2020 मध्ये ठरलं. छुप्या कॅमेऱ्याच्या फायलीवर सही करायला कोण पुढे येणार?

सदाशिव: हा मुद्दा मान्य. मग कडक तपासा, फॉरेन्सिकला पाठवा. कॅमेरा लावणाऱ्यावर गुन्हा नोंदवा आणि रेकॉर्डिंगही बघा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

मीनल: कागदावर येतं. पण रेकॉर्डिंग ज्याच्या फायद्याचं, तोच उद्या गृहमंत्री झाला तर कॅमेरा लावणाऱ्यावर गुन्हा कोण नोंदवणार?