मदत हवी आहे: ल्यूटवादकाचं हे चित्र खरंच जॉन डाऊलंडचं आहे का?

बैठककर

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा गिटारवाल्यांचा आठ-दहा जणांचा घरगुती गट आहे. इंग्लंडचा ल्यूटवादक आणि रचनाकार जॉन डाऊलंड १६२६ मध्ये गेला, त्याला चारशे वर्षं झाली म्हणून त्याच्या रचनांची छोटी बैठक ठरवली आहे. ल्यूट (गिटारसारखं, गोल पाठीचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) कुणाकडेच नाही. गिटारचीच तिसरी तार अर्धा स्वर उतरवायची, तिसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि भागवायचं.

हस्तपत्रिका माझ्याकडे आहे. मागच्या खेपेलाही माझ्याकडेच होती आणि मी तोंडावर आपटलो होतो. लुईस मिलान या स्पॅनिश वादकाचं चित्र म्हणून त्याच्या 'एल माएस्त्रो' (१५३६) या पुस्तकातलं चित्र छापलं. विहुएला (गिटारसारखं जुनं स्पॅनिश वाद्य) वाजवत बसलेला माणूस आणि भोवती पशुपक्षी. दीडशे प्रती वाटून झाल्यावर एक काका शांतपणे म्हणाले, "अरे, हा ऑर्फियस आहे, ग्रीक पुराणकथेतला वादक. चौकटीतच लिहिलंय की." लिहिलं होतंच. स्पॅनिश येत नसलं तरी 'ऑर्फेओ' एवढं वाचता यायला हवं होतं.

आता डाऊलंडची पाळी. जालावर त्याच्या नावाखाली चार वेगवेगळे चेहरे सापडले. त्यातला एक चक्क चित्रकार फ्रान्स हाल्सचा लाल-काळ्या कपड्यांतला विदूषक निघाला! मला पटलेलं चित्र व्हॉट्सॅपवर आलं आहे. काळं-पांढरं, बारीक रेघांचं, ल्यूट धरलेला रुबाबदार माणूस. खाली 'डाऊलंड' असं कुणीतरी टाइप केलंय. हा तोच का? आणि असलं चित्र अस्सल की नाही, हे ओळखतात कसं?

मिरजेचा भोपळा

चेहरा राहू द्या, आधी वाद्य बघा. खुंट्या बसवलेलं डोकं कसं आहे? आमच्याकडे सतार दुरुस्तीला आली की मालक काय सांगतो ते नंतर ऐकतो, आधी खुंट्या मोजतो.

बैठककर

मोठं करून पाहिलं. डोकं मागे मोडल्यासारखं वाकलंय, ते ल्यूटला असतंच. पण त्याच्या शेजारी आणखी एक तुकडा सरळ पुढे गेलाय. जाड तारा त्यावर पायरीपायरीने संपतात.

मिरजेचा भोपळा

मग डाऊलंड नव्हे. १५०० च्या आसपास ल्यूटला तारांच्या सहा जोड्या असायच्या (सगळ्यात बारीक तार बहुधा एकटीच, म्हणजे अकरा तारा). डाऊलंडच्या हयातीत त्या सात, आठ, नऊ अशा वाढत गेल्या. तुम्ही सांगताय ते दोन डोक्यांचं, बारा जोड्यांचं ल्यूट त्यानंतरचं.

जाता जाता सांगतो, ल्यूटचे पडदेही सतारीसारखे बांधलेले आणि सरकवता येणारे असत, फक्त दोऱ्याऐवजी तातीचे. चित्रकाराने मानेमागे त्या तातीची गाठ दाखवली असेल तर त्याने खरं वाद्य समोर ठेवलं होतं असं मी तरी धरतो.

रंगाचा पापुद्रा

भोपळेसाहेबांशी सहमत, पण वाद्याने फक्त 'हा नव्हे' एवढंच कळतं. 'हा कोण' ते कळत नाही. ल्यूट हातात आहे म्हणून माणूस वादक ठरत नाही. त्या काळी सुशिक्षित घरांतला कुणीही ल्यूट धरून चित्र काढून घ्यायचा. चित्रकार काराव्हाज्जोच्या, रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयातल्या ल्यूटवाल्याचं घ्या. समोरच्या उघड्या वहीतले स्वर वाचून अभ्यासकांनी आर्काडेल्ट या संगीतकाराची माद्रिगालं (अनेक आवाजांची गाणी) ओळखली. गाणं सापडलं, पण गाणारा कोण यावर अजून वाद आहे.

नाव पटायला त्याच काळातला कागद लागतो: छापातच कोरलेलं नाव, चित्राच्या पहिल्या मालकाची यादी, एखादं पत्र. सेबास्टियान ऑक्सेनकून या ल्यूटवादकाच्या १५५८ च्या पुस्तकात त्याचं ठशाने छापलेलं चित्र आहे, तिथे शंकेला जागा नाही. शार्ल मुतों या ल्यूटवादकाचं चित्र (चित्रकार फ्रांस्वा द त्रुआ, १६९०) बरंच नंतरचं, पण त्यावरून एडलिंकने कोरीवछाप (कोरून छापलेलं चित्र) केला आणि त्यावर नाव आहे. कॅनव्हासवर रंगाने लिहिलेल्या नावावर मात्र पटकन भुलू नका. विकताना किंमत वाढावी म्हणून अशी नावं मागाहून घातली जात. त्या अक्षरांत प्रशियन निळा सापडला तर ती अठराव्या शतकाच्या आधीची असूच शकत नाहीत.

तुमच्या चित्राच्या खाली काही मजकूर आहे का?

बैठककर

नाही. खाली सरळ कापलंय.

रंगाचा पापुद्रा

तिथेच घोळ आहे. चित्रकार यान लिव्हेन्सचा 'जाक गोतिये' शोधून पाहा आणि शेजारी ठेवा.

बैठककर

बाप रे. तोच! तोच कोट, तेच दुसरं डोकं. पूर्ण छापात खाली लॅटिन मजकूर आहे आणि त्यात गोतियेचं नाव स्वच्छ आहे. कुणीतरी नेमका तेवढाच भाग कापून वर डाऊलंड चिकटवला.

रंगाचा पापुद्रा

गोतिये फ्रान्समध्ये खून करून पळाला आणि १६१७ मध्ये इंग्लंडला आला. पुढे तिथल्या दरबारात वादक झाला. लिव्हेन्स लंडनमध्ये होता १६३२ ते १६३५. म्हणजे हा छाप निघाला तेव्हा डाऊलंडला जाऊन निदान सहा वर्षं झाली होती.

उगाच

मग खऱ्या डाऊलंडचा दुवा द्या ना कुणीतरी.

रंगाचा पापुद्रा

नाहीये. त्याची खात्रीची एकही प्रतिमा उरलेली नाही. लंडनमधल्या ब्लॅकफ्रायर्सच्या ज्या सेंट ॲन चर्चमध्ये त्याला पुरलं, तेही १६६६ च्या आगीत गेलं.

उगाच

डेन्मार्कच्या राजाने भरघोस पगारावर ठेवलेला माणूस आणि एक चित्र नाही?

मिरजेचा भोपळा

आपल्याकडच्या किती बीनकारांचे चेहरे आहेत तुमच्याकडे?

बैठककर, चेहऱ्याचा हट्ट सोडा, अक्षर छापा. न्युरेंबर्गच्या योहान सेलारियसच्या सह्यांच्या वहीत डाऊलंडने स्वतःच्या हाताने एक छोटी रचना लिहून दिली आहे. ती वही आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. सहीत त्याने आपल्याच गाजलेल्या रचनेचं नाव जोडलंय, 'डोलांडी द लॅक्रिमी'. आडनावाचं स्पेलिंगही धड नाही, पण हात त्याचाच.

बैठककर

हे फारच आवडलं. गटात विचारलं, एक जण म्हणाला, "चेहरा नसेल तर लोक पत्रिका बघणार नाहीत." म्हणून आत १५९७ च्या त्याच्या पहिल्या गीतपुस्तकाचं जोडपान टाकतोय. चौघांनी एका टेबलाभोवती बसून एकाच पुस्तकातून गावं म्हणून त्यात प्रत्येकाचा भाग वेगळ्या दिशेला तोंड करून छापलाय. वाचायला पत्रिका गोल फिरवावी लागेल, म्हणजे बघतील तरी.

आता शेवटची मदत. सहीखाली 'डाऊलंडचे हस्ताक्षर' लिहू की 'स्वाक्षरी'? छापखान्यात उद्या अकरापर्यंत द्यायचं आहे, आणि ते काका या वेळीही येणार आहेत.

मिरजेचा भोपळा

हस्ताक्षर. स्वरही त्यानेच लिहिलेत ना.