रतनवाडीला तिन्ही ऋतूंत जायचे आहे : सल्ला हवा

ठाणेकर_पायपीट : नमस्कार. एकच गाव धरून त्याचे तिन्ही ऋतू पाहावेत असे आम्ही ठरवले असून भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची, रतनगडाच्या पायथ्याची रतनवाडी मनात आहे. आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेले सत्तरीचे वडील असे चौघे आहोत. दर खेपेला दोन दिवस राहू. प्रवास सोडून चौघांचा खर्च सहा हजारांत बसावा. कधी काय पाहावे आणि घरगुती सोय बरी की तंबू, हे कृपया सांगावे.

कातळवेडा : डिसेंबरात शेजारच्या साम्रदहून सांदण दरी उतरा, बाकी सगळे गौण आहे. मी दोर लावून थेट खाली डेहणे गावी उतरलो आणि करोली घाटाने परत वर आलो. माणशी साडेतीन हजार गेले, पण पैशांकडे पाहायचेच असेल तर डोंगरात कशाला जावे?

जुना_गिर्यारोहक : रतनवाडीऐवजी कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव गाठा. कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातले सर्वोच्च शिखर. मी ते एकोणीस वेळा चढलो आहे. लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे वडिलांनाही जमेल.

रानवाट : दुखऱ्या गुडघ्यांना शिडी चढण्यापेक्षा उतरताना जड जाते, हे एकोणीस वेळांत आपल्या ध्यानात आले नाही याचे नवल वाटते. रतनगडालाही शिड्या आहेत. मुलीला घेऊन एकाने गडावरच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत जावे. सप्टेंबरअखेरीस वाटेवर सोनकी फुललेली असते. दुसऱ्याने वडिलांसोबत रतनवाडीतल्याच अमृतेश्वराच्या मंदिरात आणि पुष्करणीवर थांबावे. तिथे शिल्पे पाहण्यातच अर्धा दिवस जातो.

जुना_गिर्यारोहक : माझे गुडघे ठणठणीत आहेत.

काजवा_काजवी : मेअखेरीपासून पावसाने जोर धरेपर्यंत काजवे दिसतात आणि ते अंगणात बसूनही पाहता येतात, म्हणून वडिलांसाठी हाच काळ उत्तम. मात्र शनिवारी मुळीच जाऊ नये. आम्ही गेलो तेव्हा शेंडी गावापासून गाड्यांची रांग होती आणि त्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसेनात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

ओला_तंबू : जुलैत तंबू घेऊ नये. रात्री दोन वाजता आमच्या अंथरुणाखालून ओहोळ वाहू लागला आणि उरलेली रात्र आम्ही एका मावशींच्या ओसरीवर काढली. त्यांची नाचणीची भाकरी आणि पिठले मात्र अजून आठवते.

कातळवेडा : पावसाळ्यात सांदणात उतरू नये, ती पाण्याचीच वाट आहे. म्हणून पुन्हा सांगतो, डिसेंबर.

रानवाट : डिसेंबरातही आत पाणी साचलेले असते आणि मोठमोठ्या धोंड्यांवरून जावे लागते. वडिलांना वरच्या तोंडाशीच थांबवा. घरगुती सोय घेताना जेवणासकट भाव आधी ठरवा आणि सुटी रोकड जवळ ठेवा.

ठाणेकर_पायपीट : सर्वांचे आभार. वडिलांनी हा धागा मोठ्याने वाचायला लावला आणि मग सांगितले की, जो महिना कोणीच सुचवला नाही त्या एप्रिलमध्ये जायचे, कारण गर्दी नसेल आणि त्यांना कोणी चढा म्हणणार नाही. ओसरीवर राहण्याचे ठरले आहे. मुलगी तंबूसाठी हटून बसली आहे, म्हणून तो अंगणात लावू. @ओला_तंबू, त्या मावशींचे घर मंदिराच्या कोणत्या बाजूला आहे?

ओला_तंबू : अंधारात आणि पावसात गेलो होतो, बाजू आठवत नाही.

कातळवेडा : एप्रिलमध्ये उन्हाने भाजून निघाल.