मदत हवी आहे: घरावर कललेला रायवळ आंबा पाडावा की छाटावा?

दापोली तालुक्यात आमचं गावचं घर आहे. मागच्या परड्यात आजोबांनी लावलेला रायवळ आंबा, वय सत्तरच्या पुढे. जून 2020 च्या निसर्ग वादळात शेजारचे दोन फणस मुळासकट आडवे झाले. हा उभा राहिला, पण तेव्हापासून स्वयंपाकघराकडे कललाय आणि एक दांडगी फांदी थेट कौलांवर आलीय.

गेल्या आठवड्यात गेलो तर बुंध्याशी रव्यासारखा भुसा पडलेला. कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहिलं. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूला टणक, घराच्या बाजूला ढब ढब. शेंड्याला बांडगूळही आहे. लांबून झाड हिरवंगार दिसतं, पण त्यातलं निम्मं हिरवं त्याचं स्वतःचं नाही.

लाकूडवाला म्हणतो, "मुळातूनच काढू, लाकूड मला, मजुरी नको." आईचा ठाम नकार, तिचं वर्षाचं लोणचं याच झाडाचं. मी मुंबईत, घरी ती एकटी, पावसाला दीड महिना. त्यात सात-बारावर अजून आजोबांचंच नाव, म्हणजे सहा चुलत्यांच्या सह्या. (दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.)

घराकडची फांदी काढली तर झाड वाचेल का?

प्रतिसाद

भुसा म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी अळी. ताजा, ओलसर भुसा येत असेल तर अळी आत जिवंत आहे. तारेचा आकडा घालून ती ओढून काढा, भोकात कीटकनाशकाचा बोळा घाला आणि ओल्या मातीने लिंपून टाका. बांडगूळ नुसतं ओरबाडू नका, चिकटलंय त्याच्या खालून फांदीच कापा.

पण आधी मुळं बघा. झाड ज्या बाजूला कललंय त्याच्या उलट बाजूची जमीन उचललीय का? भेग? बुंध्याशी अळंबी? यातलं काही असेल तर फांदी काढून भागणार नाही, झाड पाडावंच लागेल.

मुळं धड असतील तर फांदी शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी, दोराला बांधून उतरवायची. प्रत्येक काप आधी खालून थोडा, मग वरून, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. कापावर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. लोखंडी भांड्यात करू नका.

आणि फुकटात पाडतो म्हणणाऱ्याला परवानगीचा कागद दाखवायला सांगा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, जमीन खाजगी असली तरी. फांदीचंही वनखात्यात विचारून घ्या.

धागाकर्ता

आत्ताच आईला फोन केला. गडग्याच्या बाजूला वीतभर लांब भेग आहे म्हणाली, "पण ती जुनीच असेल रे." शनिवारी स्वतः जाऊन बघतो. तोवर तिला पुढच्या पडवीत झोपायला सांगितलंय.