डिप्लोमावर नागरी सहभागाचं सील: हवं की नको?

फ्रीमाँटची आई
लेक यंदा बारावीत आहे. कॅलिफोर्नियात शाळा संपताना मिळणाऱ्या डिप्लोमावर नागरी सहभागाचं सोनेरी सील, म्हणजे शिक्का, मिळतं. कायदा २०१७ चा, निकष राज्याच्या शिक्षण मंडळाने २०२० साली ठरवले. संविधान आणि स्थानिक कारभार कळायला हवा, खऱ्याखुऱ्या प्रश्नावर प्रकल्प करायचा, त्यातून काय शिकलो ते मांडायचं, शिवाय वागण्यात समाजाबद्दलची कळकळ दिसली पाहिजे. लेकीने शाळेसमोरचा पायी ओलांडायचा सिग्नल घेतला. चार दुपारी उभी राहून मोजलं: आजी-आजोबा अर्ध्यावर पोचतात तोवर दिवा लाल. मग सिटी कौन्सिलपुढे बोलली. दोन मिनिटं मिळाली. हातातला कागद थरथरताना मला मागच्या रांगेतून दिसत होता, आवाज मात्र ठाम होता. असं सील प्रत्येक शाळेत हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत?

दुपारची पाळी
लेकीचं मनापासून कौतुक. सीलला मात्र माझा विरोध आहे. कळकळ कोण मोजणार? शिक्षकच ना? माझ्या मुलाचा मित्र शाळा सुटली की थेट वडिलांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. आजीला डॉक्टरकडे नेतो, तिथे दुभाष्याचं काम करतो, घरी आलेली सगळी सरकारी पत्रं तोच वाचून दाखवतो. प्रकल्पाला त्याच्याकडे वेळ कुठला? त्याच्या डिप्लोमावर सील नसेल, म्हणजे तो कमी नागरिक का? शिवाय हे सील शाळा-जिल्ह्यांना, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना, ऐच्छिक आहे. जिथे पालक पाठपुरावा करतात तिथेच ते आधी येणार.

क्वीन्सवासी
न्यूयॉर्कमध्येही असं सील आहे, तिथे मोजायचं कसं याला गुणांचं उत्तर काढलंय. सहा गुण हवेत, त्यातले किमान दोन ज्ञानाचे आणि दोन सहभागाचे. २५ तासांचं सेवाकार्य आणि त्यावरचं लेखन मिळून एक गुण. नोकरीच्या अनुभवाचेही थोडे गुण धरतात. स्वभावाला गुण नाहीत, आणि ते मला पटतं.

पुणेकर, माजी एनएसएस
तास मोजायला लागलात की काय होतं ते आम्ही पाहिलंय. एनएसएसला, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेला, वर्षाला १२० तास लागतात. आमच्या कॉलेजात मार्चमध्ये रात्रभर बसून डायऱ्या भरल्या जायच्या, एकाची बघून दहाजणांच्या. पण त्याच एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभा पाहिली. एक बाई उठून नळाच्या पाण्याबद्दल बोलायला लागल्या, सरपंच म्हणाले, नंतर बघू. त्या बसल्याच नाहीत. शाळेत राज्यशास्त्र इतिहासाच्या शेपटीला बांधलेलं असतं, त्यात हे कुठून कळणार? म्हणून सील द्या, पण तासांवर देऊ नका. मुलाला समोर बसवून विचारा: काय मागितलंस, कोणाकडे, आणि नाही म्हणाले तेव्हा काय केलंस?

फ्रीमाँटची आई
दुपारची पाळी, एक गोष्ट आधी लिहायची राहिली. इथे सोळाव्या वर्षापासून मतदानाची पूर्वनोंदणी करता येते. वर्गात अर्ज वाटले तेव्हा लेकीने तो कोराच परत केला. आम्ही अजून व्हिसावर, ती एच-फोरवर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. एकविसाव्या वर्षी तोही संपतो. ग्रीन कार्डची रांग कधी सरकेल कोणास ठाऊक. या सीलला नागरिकत्वाची अट नाही. ज्या गावात ती वाढली त्या गावाने तिचं म्हणणं ऐकलं, याची नोंद असलेला हा तिच्याकडचा एकमेव कागद असेल.

दुपारची पाळी
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताई, सील काढून टाका असं आता म्हणणार नाही. पण तो दुकानातला मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दवाखान्यात दुभाषा नसतो म्हणून आजीसारख्या किती जणांची अडचण होते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तोच त्याचा प्रकल्प धरा, गल्ल्यावर बसून लिहिलेला चालेल असं शाळेने आधी सांगा. तुमच्या शाळेच्या समुपदेशकांना एवढं विचाराल का?

फ्रीमाँटची आई
सोमवारी भेट आहे. विचारते.