'काप' की 'तुकडी'? माशाविना केलेल्या तिखल्या-कालवणांची नावं (कोल्हापूरकरांची चर्चा; बोलणाऱ्याच्या जागी त्याच्या भागाचं नाव)

राजारामपुरी
सुरण, केळफूल, कोवळा फणस घेऊन माशाच्या पद्धतीचे पदार्थ घरी करणाऱ्यांसाठी पाककृतींचं टिपण करतो आहे. नावांशी अडलंय. रवा लावून तव्यावर तळलेल्या सुरणाला 'काप' म्हणायचं की 'तुकडी'? केळफुलाच्या रश्श्याला 'कालवण' म्हटलं तर तो माशाच्या वळणाचा आहे हे कळेल का? आणि 'शाकाहारी सुरमई' असलं नाव चालेल?

गंगावेस
'काप'च लिहा. तुकडी म्हणजे मासा आडवा कापून निघालेला भाग. तिला कातडी असते, मध्ये काटा असतो. काप म्हणजे चपटी, सारख्या जाडीची चकती. कोकणात सुरणाचे, वांग्याचे, नीरफणसाचे काप माशासारखेच रवा लावून पूर्वीपासून करतात, म्हणजे शब्द तयारच आहे. 'फोड' मात्र नको. फोड जाड आणि वेडीवाकडी असली तरी चालते. तव्यावर ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

कापाची जाडी एक सेंटिमीटर धरा. पातळ केला तर उकडताना मोडतो.

उद्यमनगर
सुरणाची कृती पूर्णच देते. अर्धा किलो सुरण, हाताला तेल लावून, साल जाड काढून. पाण्यात मीठ आणि 6-7 आमसुलं घालून काप 8-10 मिनिटं उकडा. सुरी आत जाईल पण काप मोडणार नाही, इथं थांबायचं. ते पाणी फेकून द्या, रश्श्याला वापरू नका. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनीच घसा खवखवतो. आंबट आणि पुरेसं उकडणं दोन्ही लागतं.

मग काप कापडावर कोरडे करा. अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, चमचाभर आलं-लसूण वाटण, दोन चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चोळून वीस मिनिटं ठेवा. आगळात मीठ असतं, वरून मीठ बेतानं. बारीक रवा चार भाग, तांदळाचं पीठ एक भाग. हे तव्यावर टाकायच्या क्षणीच लावा. आधी लावून ठेवलं की मिठानं सुटलेलं पाणी रवा पितो आणि आवरण तव्याला चिकटून राहतं. मध्यम आच, एका बाजूला चार-पाच मिनिटं, झाकण अजिबात नाही. वाफ कोंडली की रवा मऊ पडतो.

राजारामपुरी
ताई, तिखटाऐवजी आपला कांदा-लसूण मसाला चालेल?

उद्यमनगर
कापाला नको. त्यातला कांदा, लसूण, खोबरं तव्यावर आधी करपतं आणि काप कडू होतो. साधं तिखट घ्या, रंगाला ब्याडगी, झणका हवा तर थोडी संकेश्वरी मिरची. कांदा-लसूण मसाला रश्श्यात घाला, तिथं तो शोभतो.

शाहूपुरी
'कालवण'बद्दल. रायगडकडं, मुंबईच्या कोळीवाड्यांत नुसतं कालवण म्हटलं की बहुतेकदा माशाचंच. आपल्याकडं भाकरीशी कालवून खायचं ते सगळं कालवण, मग वांग्याचं असो की अंड्याचं. त्यामुळं कोल्हापूरच्या वाचकाला 'केळफुलाचं कालवण' वाचून माशाची आठवणही येणार नाही. त्याला 'तिखलं' म्हणा. मालवणी शब्द आहे, पण नेमका: खोबऱ्याचं दाट वाटण, तिरफळ, कोकम, पाणी कमी. हा पदार्थ माशाच्या घरातला आहे हे त्यातूनच कळतं.

'शाकाहारी सुरमई'ला माझा ठाम विरोध. सुरण सुरमईसारखा लागत नाही, लागणारही नाही. खाणारा सुरमई शोधत बसतो आणि समोरचा चांगला काप त्याला फसलेला वाटतो. माशाकडून भाजीकडं येते ती कृती: रवा, आंबट, तिरफळ. नावात कृती आणि भाजी या दोनच गोष्टी ठेवा. सुरणाचे रवा काप, केळफुलाचं तिखलं.

गंगावेस
पटलं. तिरफळाबद्दल एक सावधगिरी टिपणात हवीच. दुकानात 'तिरफळ' मागितलं की कधी कधी त्रिफळा चूर्ण पुढं येतं. ते हिरडा, बेहडा, आवळा. त्याचा इथं काही संबंध नाही. तिरफळ म्हणजे उकललेलं काळपट टरफल, जिभेला झिणझिण्या आणणारं. आतली काळी बी काढून टाकायची. चार माणसांच्या तिखल्याला 8-10 टरफलं, ठेचून, शेवटी घालायची. वाटणात वाटली तर रस्सा कडू होतो.

शाहूपुरी
तिखल्याचं वाटण: एक वाटी ओलं खोबरं, भिजवलेल्या 6-7 ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद. चार-पाच आमसुलं. हे शिजवायला स्टील किंवा मातीचं भांडं घ्या, आंबटामुळं ॲल्युमिनियम नको.

केळफूल मात्र वेळ मागतं. एका फुलात दोन माणसांपुरताच गाभा निघतो. बाहेरची लालसर पानं काढत पांढऱ्या गाभ्यापर्यंत या, तो उभा चिरून चार भाग करा आणि चिरताक्षणी ताकात टाका. हवेत राहिला की काळा पडतो. बाहेरच्या पानांतली फुलंही वापरायची असतील तर प्रत्येकातली कडक काडी आणि पातळ पापुद्रा काढावा लागतो, ते शिजत नाहीत. ताकात रात्रभर ठेवलं की तुरटपणा कमी होतो. मग हळद-मिठाच्या पाण्यात 10-12 मिनिटं उकडून तळव्यांत हलकं दाबून पाणी काढा. हे पाणी आत राहिलं तर वाटण आत मुरत नाही. पापुद्रे सुटे होतात, माशाच्या मांसासारखे, म्हणून तिखल्याला केळफूल सुरणापेक्षा सरस.

राजारामपुरी
समुद्राच्या वासासाठी काही जण नोरी घालतात. तिला मराठीत काय म्हणावं? 'शेवाळ' लिहिलं तर वाचणाऱ्याला रंकाळा तलावाच्या पायऱ्या आठवतील.

उद्यमनगर
'नोरी'च लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथं 'समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद' एवढं सांगा. कोरड्या तव्यावर काही सेकंद शेकून चुरायची, अर्धा किलो कापांना एक पान पुरे, चोळायच्या मसाल्यात. तिखल्यात घालू नका, तिरफळापुढं तिची चव उरत नाही.

आणि कोणी अळंबीचं तिखलं सुचवलं तर ते 'वनस्पतिजन्य' या मथळ्याखाली घेऊ नका. अळंबी बुरशी आहे, वनस्पती नव्हे. 'बिनमाशाचे' हा मथळा ठेवलात तर तीही बसेल.

राजारामपुरी
मथळा 'बिनमाशाचे' करतो. कोवळ्या फणसाचं काय, काप की तिखलं?

शाहूपुरी
तिखलं. फणसाचे रेषे उकडल्यावर सुटतात, तव्यावर काप धरून राहत नाही.